भाजूनच मिळेल

समुद्रपूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथले रूपराव कोणालाही वांगं देतात, फक्त भाजून. जावई येवो की तलाठी, ताटात भरीत पडणार. पिकलं वांगं मात्र उंबरा ओलांडत नाही. तीस वर्षं निवडत निवडत त्यांनी हे हिरवट-पांढरं वाण केलं. भाजलेलं बी उगवत नाही, एवढं विज्ञान त्यांना पुरतं. जाम गावच्या चौकात विकायला नेतात तीही कोवळीच. बियाण्याचं फळ झाडावर रूपरावांच्या जुन्या बनियनमध्ये झाकलेलं असतं. शेजारच्या चंद्रभानने कुंपणावरून नुसतं पाहिलं, तरी रूपराव जेवण सोडून उठतात.

यंदा कृषी खात्यातली गुंजन आली. म्हणाली, "काका, वाण तुमच्या नावानं नोंदवू. कोणतीच कंपनी मग त्याला आपलं म्हणू शकत नाही. शेतकऱ्यांनी एकमेकांना बी द्यायला मात्र मोकळीक आहे." शेवटचं वाक्य रूपरावांनी ऐकलंच नाही. 'रूपराव वांगं' हे नाव तिथल्या तिथे ठरलं. नमुन्यासाठी त्यांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून पेटीतला बियांचा डबा उघडला. बियांना बुरशी. झाडावरचं फळ अजून हिरवंच.

"चंद्रभानकडे असन," त्यांच्या बायको धुरपताबाई म्हणाल्या.

"त्याच्याकडे काऊन असन?"

"मी देल्लं. बी धुवाले मीच बसतो न. मूठभर डब्यात, मूठभर पदरात."

"कधीपासून?"

"समीक्षाच्या बारशापासून."

लेक समीक्षाला आता दोन मुलं आहेत.

चंद्रभानने हसत पुडी दिली. "घ्या भाऊ, धुरपतावयनीचं वांगं. तुमच्या माघारी सारं गाव असंच म्हणते."

रूपराव जड पावलांनी परतले. इतकी वर्षं जळायचं ते कुंपणापलीकडे पाहून. आता तीच जळजळ चुलीपुढे बसलेल्या बायकोकडे पाहून व्हायला लागली. एका दिवसात जळण्याचा पत्ता बदलणं या वयात सोपं नाही. दोन दिवस त्यांनी भरीत खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी गुंजनने अर्ज पुढे केला.

"वाणाचं नाव?"

"माह्यं नको," धुरपताबाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यायचंच नाव लिव."

"गाव म्हणते तेच लिव," रूपराव पुटपुटले. "माह्यं लिवलं तं लोकं इचारतीन, हे कोणतं वांगं?"

'धुरपता' असं लिहिलं गेलं. निवड करणाऱ्याच्या रकान्यात रूपरावांनी दुप्पट मोठ्या अक्षरांत सही ठोकली.

महिन्याने बनियनमधलं फळ पिवळं झालं. रूपरावांनी ते तोडलं आणि तडक चंद्रभानच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

"भाजलं नाई?" चंद्रभान बघतच राहिला.

"नाई, पिकलंच हाय. बी काढजो, आन पाहिजे त्याले देजो. फक्त गावात सांगजो, हे रूपरावनं देल्लं."