बाईंचा पांढरा दोरा

बोलता बोलता बाई दोऱ्याचं टोक ओठांत धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "आधी कच्चा टाका घालू. पक्की शिलाई काय, कधीही मारता येते." समोर कापड असायचंच असं नाही. बहुतेक वेळा समोर आम्ही असायचो आणि मध्ये नव्या वर्गाचा एखादा बेत.

खालापूरला एका कॉलेजच्या जुन्या इमारतीत आमचं निरंतर शिक्षण केंद्र होतं. नाव भारदस्त आणि खोल्या दोन. शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्या माणसांना पोटापाण्याचं काहीतरी नवं शिकवायचं, हे आमचं काम. बाई केंद्राच्या प्रमुख आणि मी पंप-मोटर दुरुस्ती शिकवणारा. बाई मूळच्या शिवणाच्या शिक्षिका. खुर्ची मिळाली तरी पदराला खोचलेली सुई आणि पर्समधलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काही सुटलं नाही.

नवा अभ्यासक्रम एरवी कसा जन्माला येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. बैठका होतात, मसुदे होतात, पत्रकं छापली जातात, दिवा लावून उद्घाटन होतं आणि मग कळतं की तो कुणालाच नको होता. बाईंचं सगळं उलटं. कल्पना सुचली की त्याच आठवड्यात पाच-सहा माणसं गोळा करायची आणि एका दुपारचा वर्ग घ्यायचा. पत्रक नाही, दिवा नाही. जमलं तर त्याला पुढचा तुकडा जोडायचा. नाही जमलं तर उसवायचं आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टाचायचं.

पण जमलं की नाही, हे कळणार कसं? आमच्याकडची माणसं शिकवणाऱ्याच्या तोंडावर कधी वाईट बोलत नाहीत. वर्गात डुलक्या काढतील, पण जाताना हात जोडून "लय चांगलं शिकिवलंत" म्हणतील आणि परत फिरकणार नाहीत. त्यावर बाईंनी उपाय काढला होता. वर्गात शिरताना प्रत्येकाच्या हातात वीतभर पांढरा दोरा द्यायचा. कंटाळा आला, डोक्यावरून गेलं, की तो गुपचूप खाली सोडायचा. कुणी विचारणार नाही. शेवटपर्यंत हातात राहिला तर ज्याचा त्याने घरी न्यायचा. शिकवणाऱ्याला ताकीद असायची की मधूनमधून फळ्याकडे वळायचं, म्हणजे लोकांना लाज न वाटता दोरा टाकता येतो. वर्ग सुटला की बाई स्वतः झाडू घेऊन दोरे गोळा करायच्या.

एकदा शहरातून एक पाहुणे आले होते. बाईंची पद्धत पाहून ते खूश झाले आणि म्हणाले की जगात याला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात, त्यावर मोठमोठी पुस्तकं आहेत. बाईंनी मान डोलावली. "असंल," त्या म्हणाल्या, "आमी उसवता येतंय तंवर बरं म्हणतो." मग त्यांनी पाहुण्यांना दुसरा चहा दिला. बाईंकडचा चहा कायम कोमट असायचा, कारण तो आला की त्यांना काहीतरी आठवायचं.

स्वभावाने तशा त्या सोप्या नव्हत्या. तुमचं वाक्य अर्ध्यावर असताना उठून जातील. काल स्वतःच ठरवलेलं आज मोडून टाकतील आणि वर तुम्हालाच विचारतील की हे कुणी ठरवलं. शेलूच्या नव्या सोसायट्यांमधल्या लोकांसाठी आळंबी लागवडीचा वर्ग मी मोठ्या हौसेने जुळवत आणला होता. एका दुपारीच बाईंनी तो गुंडाळला. आठ दिवस बोलणार नाही, इतका मी रागावलो. बाई मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर घरची काकडीची कोशिंबीर ठेवून, काही झालंच नाही अशा गेल्या.

या सगळ्यात एकच अडचण होती. केंद्रातलं बरंचसं कच्चंच राहिलं होतं. बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा वरच्या समितीने स्पष्ट कळवलं की बाई जायच्या आत, त्यांच्यावाचूनही चालेल असा एक तरी पक्का अभ्यासक्रम उभा राहायला हवा. नाहीतर केंद्र बंद होईल आणि दोन्ही खोल्यांत कॉलेजचं मोडकं सामान जाईल. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायला. म्हणजे गोष्ट त्यांना लागली होती.

विषय त्यांनीच शोधला. आमच्या भागात शेतांच्या कडेने फार्महाऊस उभी राहिली आहेत. मालक मुंबईला आणि घर सांभाळायला गावातलं जोडपं. कुणी पोशीरकडचं भातशेती करणारं, कुणी डोंगराकडच्या वाडीतलं. बाग, पंप, पोहण्याचा तलाव, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळं त्यांच्याच अंगावर. कुणी त्यांना काही शिकवलेलं नाही. बाई म्हणाल्या, यांच्यासाठी करू.

पहिला वर्ग आम्ही शनिवारी ठेवला. सगळ्यांना सोयीचा वार म्हणून. एकही माणूस आलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या बाई एकदम हसायला लागल्या. शनिवारी पाहुणे येतात, म्हणजे ही सगळी मंडळी त्या दिवशी चुलीपाशी. आपली सुट्टी तोच यांच्या कामाचा दिवस, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग मंगळवार धरला. माणसं आली. मी तलावाच्या पंपावर बोललो, आकृत्या काढल्या, चांगला रंगात आलो. फळ्याकडून वळून पाहिलं तर फरशीवर दोरेच दोरे. आणि त्यातला एक पडला होता बाईंच्या खुर्चीखाली. सर, म्हणाल्या, यांना पंप येतो. रोज तोच चालवतात ते. तुम्ही त्यांना पंपाचं पोट दाखवत बसलात.

तिसऱ्या खेपेला आम्ही वर्गच उचलून पोशीरला नेला. तिथल्या एका बंगल्यावर मंजुळा आणि तिचा नवरा काम करायचे. मालकाने परवानगी दिली होती. तलावाच्या काठावर सतरंजी टाकली, दोरे वाटले आणि मी या खेपेला पंपाचं पोट बाजूला ठेवून सुरुवात केली. इतक्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

पापणी लवायच्या आत सतरंजी रिकामी झाली. एकाने धावत जाऊन फाटक उघडलं, एकाने पाण्याचा पाइप धरला, दोघी स्वयंपाकघरात शिरल्या, आणि या बंगल्यावर जे कामाला नव्हते तेसुद्धा पालापाचोळा वेचायला लागले. गाडी निघाली गॅसच्या सिलिंडरची. टेंपोवाला हे सगळं बघतच राहिला. मंडळी ओशाळून हसत परत आली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. दोऱ्याचं टोक ओठांत धरून त्या बराच वेळ तलावाकडे बघत होत्या. मग त्यांनी मंजुळाला जवळ बसवलं.

"मंजुळा, पाहुणे दारू पिऊन पाण्यात उतरतो म्हणाले, तर तू काय म्हणतेस गं?"

"बघते म्हणते."

"नको उतरू, असं नाही म्हणत?"

"त्यांना कसं नाय म्हनायचं, बाई? पाव्हनं हायत ती."

"आणि उतरलेच तर?"

मंजुळाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग मी काठाव बसते. त्ये भायेर येई परेंत. मला पवता येत नाय. पन बसते."

 त्या सतरंजीवरच्या प्रत्येकाने कधी ना कधी अशी रात्र काठावर बसून काढली होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. 

बाईंनी तिथल्या तिथे अख्खा अभ्यासक्रम उसवला. पंप मागे गेला, बाग मागे गेली. पहिला धडा ठरला नाही म्हणण्याचा. आवाज न चढवता, हात न जोडता, नजर खाली न घालता नाही म्हणायचं. मला झिंगलेला पाहुणा केलं. मी धोतर नेसणारा माणूस, पण गॉगल लावून झोकांड्या खात तलावाकडे निघालो. मंजुळाने आधी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. दुसऱ्यांदा ती "बघते" म्हणाली. बाईंनी पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. शेवटी ती माझ्यासमोर सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, आता पान्यात नाय उतरायचं. सकाळी उतरा, मी च्या करून ठेवते." बाईंनी सतरंजीकडे नजर टाकली. सगळ्यांचे दोरे मुठीत होते.

पुढचे दोन-तीन महिने दर मंगळवारी एक तुकडा होत गेला. बुडणाऱ्याला दोर कसा टाकायचा, मालकाशी फोनवर कसं बोलायचं, पाणी शुद्ध करायची पावडर तलावात किती टाकायची. मधला कुठलातरी तुकडा उसवला नाही असा मंगळवार विरळा. मी कुरकुरत होतो, बाई टाचत होत्या. बाई जायच्या महिन्यात समिती पाहणीला आली. बाईंनी त्यांच्याही हातात दोरे दिले, पण ते कशाला हे सांगितलं नाही. समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी शेवटी निरंतर शिक्षणाचं महत्त्व विशद केलं. ते खाली बसले तेव्हा मंजुळापासून सगळ्यांच्या खुर्च्यांखाली पांढरं पांढरं झालं होतं. जाताना ते म्हणाले की अभ्यासक्रम उत्तम आहे, मान्यता देऊ, फक्त खोली जरा झाडून घेत चला. बाईंनी अतिशय गंभीर चेहऱ्याने हो म्हटलं.

बाई निवृत्त झाल्या आणि शेलूला लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही, कुणाला करूही दिलं नाही. रीळ तेवढं माझ्या टेबलावर ठेवलं.

दिवाळीनंतर पक्क्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. नाही म्हणण्याचा धडा शिकवायला आम्ही मंजुळालाच बोलावलं होतं. आता तीच दोरे वाटत होती. दारात सावली आली म्हणून मी पाहिलं तर बाई. न कळवता आलेल्या. मी खुर्ची पुढे करायला उठणार, तोच त्यांनी हातानेच थांबवलं आणि शेवटच्या रांगेत खिडकीशी जाऊन बसल्या. मंजुळाने त्यांच्याही हातात दोरा दिला. 

मंजुळाचा धडा झाला आणि माझा पंप आला. या वयात मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. बाई नसताना हे उभं राहतं की नाही, ते त्या बघायला आल्या होत्या, हे मला कळत होतं. मी आकृती काढली नाही. पंप बंद पडला आणि पाहुणे दारात आहेत, तर आधी कुठे हात घालायचा, एवढंच दाखवलं. मधूनमधून फळ्याकडे वळत होतो, जरा जास्तच. असाच एकदा वळून परत पाहिलं तर खिडकीशी खुर्ची रिकामी. माझं वाक्य अर्ध्यावर असताना उठून जायची सवय गेली नव्हती.

वर्ग सुटला. मंजुळा झाडू घ्यायला निघाली, पण मी तो तिच्या हातून घेतला. दोन-तीन दोरे निघाले, पुढच्या रांगांत. बाईंच्या खुर्चीखाली मी पुन्हा पुन्हा झाडू फिरवला, खुर्ची उचलून पाहिली, खिडकीच्या कठड्यावर पाहिलं. दोरा कुठेच नव्हता. बाई तो घरी घेऊन गेल्या होत्या.