पोतं, पिशवी आणि सरासरी

बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा निकाल मोबाइलवर आला, तेव्हा मानोरा गावाजवळच्या आमच्या मळ्यात मी आईबाबांसोबत वांगी निवडत बसले होते. सहा विषयांपुढे गुणांच्या जागी नुसती अक्षरं होती, सरासरीचा रकाना कोरा. एम.एस्सी.च्या अर्जाला या सत्राची सरासरी किमान सहा हवी होती, आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

कोणत्या अक्षराला किती गुण, हे मला पाठ होतं. ए म्हणजे आठ, बी प्लस सात, सी पाच, पी चार. सहाही विषयांची बेरीज पस्तीस झाली. तिला सहानं भागलं. सहाला थोडं कमीच पडत होतं.

“नाई जमलं, बाबा. दहापैकी सहा पायजे होते.”

“दहापैकीच मार्क देतेत?” आई म्हणाली. “बारावीले शंभरपैकी देत होते. कॉलेजवाले लयच कंजूष दिसतेत.”

एरवी मी हसले असते. बाबांनी हात पुसून मोबाइल घेतला. ते चौथीपर्यंत शिकलेले.

“हा बाजूले चार अन् दोनचा आकडा कायचा हाये?”

“क्रेडिट. आठवड्याले चार तास शिकवलं त्या विषयाचे चार, दोन तासवाल्याचे दोन.”

“अन् तुले कमी मार्क कोन्यात हायेत?”

“दोनवाल्यात. तिन्हींत.”

त्यांनी समोर बोट दाखवलं. चांगल्या वांग्यांचं पोतं गच्च भरलं होतं. किडकी निघालेली वांगी शेळीसाठी एका पिशवीत पडली होती.

“पोतंभर चांगले निंगाले, पिशवीभर किडके. तं अर्धा माल किडका म्हनशीन का तू?”

वांगी निवडताना मी पोतं आणि पिशवी कधीच सारखी धरली नव्हती. विषय मात्र सारखे धरले होते.

मी पुन्हा हिशेब मांडला. चार क्रेडिटच्या तीन विषयांत आठ, सात, सात होते. त्यांची चौपट अठ्ठ्याऐंशी. दोन क्रेडिटच्या विषयांत पाच, चार, चार. त्यांची दुप्पट सव्वीस. मिळून एकशे चौदा. एकूण क्रेडिट अठरा. भागाकार आला सहा पॉइंट तेहतीस. बाबांना आकडा दाखवला, तर ते म्हणाले, “मले काय दाखवतं? गाडीवर बस.”

मानोऱ्यातल्या नेट सेंटरवर अर्ज भरला गेला, तेव्हा माझ्या नखांत वांग्याच्या देठांचा काळेपणा तसाच होता. पुढे गुणपत्रिका हाती आली, तिच्यावर हाच आकडा छापलेला होता. प्रवेशही मिळाला.

घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे अडलं तर घरात कुणाला विचारायची सोय नाही, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. आता वसतिगृहातून दर सत्राचा निकाल मी आधी बाबांना सांगते, आणि ते आधी विचारतात, “पोत्यात किती?”