न थांबता धावायची अट

आमच्या रत्नागिरीत त्या वर्षी जी मॅरेथॉन झाली, तिला मॅरेथॉन म्हणायचं की नाही, या वादात मी पडत नाही. खऱ्या मॅरेथॉनला लागतं तेवढं अंतर धावायचं तर माणूस संगमेश्वराला जाऊन पोचेल. आमची वाट मारुती मंदिरापासून खाली उतरणारी. बाजारातून भाट्याचा पूल ओलांडायचा, किनाऱ्याच्या वाळूतून झरीविनायकाच्या देवळापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत. शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी अंतर स्कूटरच्या काट्यावर मोजलं होतं, आणि वाळूत स्कूटर रुतली म्हणून तिथलं अंदाजाने धरलं होतं. पण कापडी फलकावर ‘भव्य मॅरेथॉन’ असं लाल अक्षरांत लिहिलं होतं, आणि माझ्यापुरती ती भव्यच ठरली. आज इतक्या वर्षांनीसुद्धा पावसाळी हवा सुटली की माझी डावी पोटरी तिची आठवण काढते.

हौसेने धावणारी मी नव्हे. चाळिशीला टेकले होते, प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि दिवसभर वर्गभर पोरांमागे धावून आल्यावर आणखी धावायची हौस कुणाला उरणार? धावायचं खूळ आमच्या ह्यांचं. हे बोटीवर इंजिनात फिटर होते. बोट म्हणजे मोठं मालवाहू जहाज, पण आमच्याकडे जहाजालाही बोटच म्हणतात. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मीसुद्धा ह्यांनी घरात काढली नव्हती. आदल्या पावसाळ्यात कंपनीच्या डॉक्टरने रक्तात साखर निघाली, दाब वाढलाय, असं सांगून ह्यांना घरी पाठवलं. दोन्ही उतरलं तर परत या, नाहीतर राहू द्या, असं तोंडावर सांगितलं.

पहिले पंधरा दिवस मला वाटलं, देव पावला. पुढच्या पंधरा दिवसांत वाटलं, देवाने जरा बेतानं पावायला हवं होतं. बोटीवरच्या सवयीने हे पहाटेच उठून घरभर फिरायचे. सगळे नळ असे करकचून बंद केले की सासूबाईंना तोंड धुवायला मला हाक मारावी लागे. विहिरीचा पंप खोलला, जोडला, परत खोलला. मिक्सर खोलला तो मात्र जोडला गेला नाही. मग खोलायला काही उरलं नाही, तेव्हा हे पडवीत खुर्ची टाकून बसून राहू लागले. रस्त्याने जाणारा कुणी विचारी, ‘काय, रजेवर?’ आणि हे ‘होय’ म्हणत. पाच महिने झाले तरी ‘होय’च म्हणत होते. ते ऐकून मला चीड यायची आणि रडूही यायचं.

इथल्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता हे थिबा राजवाड्याच्या बाजूला पळायला लागले, आणि साखर खरोखरच उतरायला लागली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र धास्ती बसली. स्पष्टच सांगते, मला ह्यांनी परत जायला नको होतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीची दहावी, वादळात उडालेली कौलं, सगळं मी एकटीने निस्तरलं होतं. कुठल्या तरी बंदरातून ह्यांचा फोन यायचा, ‘सगळं बरं ना?’ मी ‘बरं’ म्हणेपर्यंत लाईन तुटायची. मी दमले होते. ओळखीच्या एकाच्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये यंत्रांची देखभाल करायला माणूस हवा होता आणि त्याने ह्यांच्यासाठी जागा राखून ठेवली होती. एवढं सरळ असताना पुन्हा बोट कशाला, हे मला कळत नव्हतं.

मॅरेथॉनचं निघालं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. हे म्हणाले, ‘ही न थांबता पुरी केली तर मी मुंबईला कंपनीच्या मेडिकलला जाणार. तू अडवायचं नाय.’

‘आणि थांबलात तर?’

‘तर कॅनिंग. परत बोटीचं नाव काढणार नाय.’

‘चालू लागलात तर?’

‘चाललं तर चालेल. इंजिन मंद करता येतं. बंद नाय करायचं.’

सासूबाई बांगड्याचा काटा काढता काढता म्हणाल्या, ‘त्यापेक्षा देवापुढं चिठ्ठ्या टाका. दोघांचेही पाय वाचतील.’

‘थांबलात की नाही ते बघणार कोण?’ मी विचारलं.

‘तू,’ हे म्हणाले. ‘तू बघितलंस की झालं. तुझा शब्द शेवटचा.’

म्हणून मी नाव दिलं. लोकांना वाटलं, काय ही जोडी, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून धावतेय. मी पंच म्हणून चालले होते, आणि पंच एका बाजूचा होता. शाळेच्या कवायतीचे कॅनव्हासचे बूट आणि मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून मी मारुती मंदिराजवळच्या मैदानावर उभी राहिले, तेव्हा माझ्याच वर्गातल्या एका पोराची आई ओरडली, ‘बाई, आज शाळाच पळाली वाटतं!’

मंडळात भाट्याकडचा एक जाणता माणूस होता. पौर्णिमेचं उधाण आहे हे त्याने आधीच हेरून ठेवलं होतं. पहाटे ओहोटी, तेव्हा उजाडता उजाडता सोडा, म्हणजे सगळे घट्ट ओल्या वाळूवरून जाऊन येतील आणि मग येईना का भरती, असं त्याचं गणित होतं. गणित चोख होतं. त्यात फक्त प्रमुख पाहुणे धरायचे राहिले होते. पाहुणे आदल्या दिवशी चिपळूणपर्यंत आले होते आणि सकाळी तिथून निघणार होते. पाहुण्यांशिवाय नारळ फुटणार नाही आणि नारळाशिवाय शिट्टी वाजणार नाही, एवढं आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही उभे राहिलो. मग खाली बसलो. मग परत उभे राहिलो. ऊन मैदानावर आलं. अखेर पाहुणे आले, शाल झाली, श्रीफळ झालं, आरोग्य हीच संपत्ती यावर भाषण झालं. भाट्याचा तो माणूस हातातलं घड्याळ सारखं बघत होता, पण पाहुण्यांचं भाषण कोण थांबवणार?

उतार बरा गेला. उतारावर काय, दगडही धावतो. राजिवड्याजवळ एका बाईने दारातून कोकम सरबताचा पेला पुढे केला. ‘थांबा वो वाईच, घोटभर तरी घ्या.’ ह्यांनी पेला धावता धावताच घेतला, अर्धा सदऱ्यावर सांडला आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. तो मी पुढच्या घराच्या दगडी गडग्यावर ठेवला. पुलावर पोचतो तर पहिले पळणारे परत येत होते. त्यांचे बूट कोरडे होते.

आमच्या वाट्याला आला तो किनारा वेगळाच. मंडळाने वाट दाखवायला ओल्या वाळूत झेंडे रोवले होते, ते आता गुडघाभर पाण्यात उभे होते. एकेक लाट आली की एकेक झेंडा लवायचा. आम्ही वर सरकलो, सुरूच्या झाडांच्या कडेने. तिथली वाळू भुसभुशीत, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत. बूट वाळूने भरले. हे धावणं सोडून चालू लागले. मी त्यांच्या पायांवरची नजर काढत नव्हते. तोंड पांढरं पडलं होतं, श्वास शिट्टीसारखा येत होता, पण पाय चालू होते. बस की बाबा आता, असं मी मनात म्हणत होते. ते काळजीने म्हणत होते की लोभाने, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

झरीविनायकाशी पोचलेल्याच्या मनगटाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे अर्ध्यातून कुणी वळलं नाही ते कळेल, अशी व्यवस्था होती. दोरे पायरीवर दगडाखाली ठेवून स्वयंसेवक चहाला गेला होता. आम्ही दोघं अजून यायचे आहोत, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. हे तिथे जागच्या जागी पाय उचलत राहिले, कवायतीतल्या पोरांसारखे, आणि मी त्यांच्या हलत्या मनगटाला दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली. मला एकदम हसू आलं. ह्यांनाही आलं, पण हसायला दम नव्हता.

परत फिरल्यावर थोड्याच वेळात माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. असा आला की मी ओरडून वाळूत बसलेच. डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे उघडले तर हे माझ्यासमोर दोन्ही गुडघे वाळूत टेकून बसले होते. माझा बूट त्यांनी काढला होता, टाच एका हातात धरली होती आणि दुसऱ्या हाताने अंगठा मागे वाकवत होते.

‘पाय सैल सोड गो. ओढू नकोस. सोड.’

इंजिनाचे नटबोल्ट पिळून राठ झालेले ते हात. अठरा वर्षांत माझ्या पायाला त्यांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. गोळा हळूहळू उतरायला लागला, तसं माझ्या लक्षात आलं, हे थांबले होते. नुसते थांबले नव्हते, चांगले बसले होते. मी वर पाहिलं. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण हात क्षणभर तसाच राहिला. मग ते परत पोटरी चोळायला लागले.

मी जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो शोधूनही सापडेना. इतकी वर्षं माझी एकच तक्रार होती, आमच्या दोघांत बोट आली की बोटच जिंकते. आणि इथे ह्या माणसाने मी ओरडल्याबरोबर बोट सोडून दिली होती, विचारसुद्धा न करता. मला पडवीतली खुर्ची आठवली. ‘रजेवर?’ ‘होय.’ उद्यापासून हे कॅनिंगमध्ये जातील, दिलेला शब्द पाळतील, संध्याकाळी येऊन त्याच खुर्चीत बसतील, आणि मला एका शब्दाने दोष देणार नाहीत. न विचारता थांबणाऱ्या माणसाला अटीने बांधून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी फार दमले होते, हेही खरं. रागावून राहायलासुद्धा अंगात जोर लागतो.

सुरूच्या पलीकडे रस्त्यावर शेवटच्या पळणाऱ्यांसाठी ठेवलेली रुग्णवाहिका उभी होती. ‘तुम्ही व्हा पुढं,’ मी म्हटलं. ‘मी गाडीत बसते.’

‘एकटी?’

‘एकटीची मला सवय आहे. उठा.’

त्यांनी मला गाडीपर्यंत आणलं, दार लावलं आणि ‘येतो’ म्हणाले. दर वेळी बोटीवर जाताना म्हणायचे तसंच.

पुलावर हे पुढे आणि गाडी मागे. ड्रायव्हर कंटाळला होता. ‘तुमचे मालक काय वो? बसवा की त्यांना पण. बैलगाडीच्या चालीनं मी घरी कवा जाणार?’

‘ते नाही बसायचे,’ मी म्हटलं.

इतकी वर्षं हे निघाले की मी फाटकापर्यंत जायचे आणि वळणावर बॅग दिसेनाशी झाली की परत फिरून चुलीवरचं काय करपलं ते बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची पाठ मी शेवटपर्यंत पाहिली. पाठीला वाळू चिकटली होती. बाजारातली दुकानं उघडली होती, रस्ता परत रिक्षांचा झाला होता, कुणी हॉर्न देत होतं, कुणी हसत होतं. मग मारुती मंदिराचा चढ आला. चढावर हे इतके हळू झाले की वाटलं, आता थांबतील. मी आत बसल्या बसल्या पायाची बोटं आवळली. आणि माझंच मला नवल वाटलं, मी त्यांनी थांबू नये म्हणून बोटं आवळत होते. शिमग्याच्या आधी ह्यांची बॅग भरावी लागणार, हे मला त्या चढावरच कळून चुकलं.

मैदानावर मंडप उतरवत होते. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. फलक खाली पडला होता, त्यावरून हे गेले तेव्हा मंडपवाल्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. गाडी थांबली. हे मागच्या दाराशी आले आणि दांडा धरून उभे राहिले.

‘पुरी झाली,’ मीच म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ‘नाय गो. मी थांबलो होतो. वाळूत.’

‘कधी?’ मी म्हटलं. ‘मी नाही बघितलं.’

त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. मनगटावरचा लाल दोरा घामाने काळा पडला होता. मग त्यांनी खाली बघून विचारलं, ‘पाय दुखतोय?’

‘दुखतोय,’ मी म्हटलं. तेवढं मात्र खरं होतं.