तलंगांची पिल्लं

नव्वदनंतरची ती वर्षं. गुडगावात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या नव्या बाजारांत चिकनच्या दुकानांपुढे गर्दी असायची. परभणीला पशुवैद्यक शिकून मी लग्नानंतर दिल्लीत मयूर विहारला आले आणि गुडगावपलीकडच्या, अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या एका हॅचरीत डॉक्टर म्हणून लागले.

जवळच्या गावातल्या एका बाईंनी नवरा गेल्यावर ब्रॉयलरची शेड टाकली होती. आमच्याकडून नेलेली पिल्लांची पहिली खेप उत्तम निघाली. दुसरीतली पिल्लं मात्र मरायला लागली. बाई तडक हॅचरीत आल्या, ओढणीत गुंडाळलेली मेलेली पिल्लं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डाक्टरनी, बीमार माल दिया तुमने."

मी पिल्लं चिरून पाहिली. रोगाची खूण नव्हती. पोटं रिकामी होती. "चलिए, शेड दिखाइए," म्हणत मी त्यांच्याबरोबर निघाले.

शेडमध्ये शिरताच दिसलं. पाण्याभोवती गुबगुबीत पिल्लांची दाटी, आणि त्यांच्यापेक्षा बरीच लहान पिल्लं भिंतीपाशी एकमेकांना चिकटून कुडकुडत होती. आमच्याकडे त्या खेपेला जुन्या कोंबड्यांची मोठी अंडी आणि नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची लहान अंडी एकत्र उबवली होती. लहान अंड्यातून पिल्लूही लहानच निघतं. त्याच्या पोटातली बलकाची शिदोरी थोडी, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बेताची, आणि गारठा लवकर लागतो. त्यात मोठ्यांच्या गर्दीत पाण्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

"बीमार नहीं हैं, छोटे हैं," मी सांगितलं.

"तो अलग कर दें?" बाईंनी लगेच विचारलं.

दोघींनी मिळून पिल्लं निवडली. पुठ्ठ्यांची आडभिंत केली, लहानांकडे जास्तीचे दिवे लावले, पाण्याला उथळ ताटल्या ठेवल्या. तासाभरात ती पांगली, चोची बुडवू लागली. बाई खाली बसून बघतच राहिल्या.

त्यानंतरही काही गेलीच. पण बहुतेक सगळी जगली. विक्रीच्या वजनाला यायला त्यांना थोडे दिवस जास्त लागले, इतकंच. मॅनेजरशी वाद घालून मी जुन्या कोंबड्यांची आणि तलंगांची पिल्लं वेगवेगळी पाठवायचं ठरवून घेतलं. तलंगांची पिल्लं घ्यायला इतर लोक कुरकुरायचे, तेव्हा बाई म्हणायच्या, "छोटे वाले मुझे भेज दो."

त्या दिवसांत संध्याकाळी बसमध्ये बसले की अंगाला शेडचा वास यायचा, शेजारची बाई जरा सरकून बसायची, आणि मी खुशीत असायचे.