खिशात कांदा होता का?

रविवार, २७ मे १९८४. हजर : सरांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, डॉ. सुजाता आणि मी. स्थळ : डॉ. साखरकर सरांची नागपूरच्या रामदासपेठेतली खोली. काम : कपडे आवरणे. सर जाऊन महिना झाला होता. अपघात विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणून त्यांचा पसारा आयुष्यभर मीच आवरला, तेव्हा वहिनींनी याही वेळी मलाच बोलावलं.

सरांना संशोधनाचा भारी नाद. शिकाऊ डॉक्टरांनी नुसते टाके घालू नयेत, शोधही लावावेत, असा त्यांचा हट्ट. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्यांनी विषय काढला : खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का? ऊन लागून आलेल्या प्रत्येकाला पोरं विचारू लागली, "खिशात कांदा होता का?" जो तो म्हणे, "होता जी." सर खूश. "कांदा असूनही ऊन लागलं! कांदा संपला, सिस्टर! निबंध लिहायला घेतो."

तेवढ्यात नवीनच आलेली सुजाता म्हणाली, "सर, यातल्या कितीतरी जणांना खिसाच नव्हता. नुसत्या धोतरावर आले होते." तिच्या घरातली ती पहिलीच डॉक्टर. "डॉक्टरला नाही म्हणणं आमच्याकडे उर्मटपणा समजतात. माझे आजोबा तर कशालाही हो म्हणतील."

"असं?" म्हणत, भुवई उडवून सर थेट कुहीहून आलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी गेले. ऊन लागलं म्हणून त्याला बर्फात ठेवलं होतं.

"बाबाजी, डाव्या कानात शिट्टी वाजते का?"

"वाजते जी."

"अन् उजव्या?"

"थोडी थोडी."

"मालगाडीची का एक्सप्रेसची?"

"तुम्ही म्हणसान ते."

आम्ही तोंडाला पदर लावले. सुजाता मात्र स्टूल ओढून बसली. "बाबाजी, मले काहीच माहीत नाही. सकाळपासून काय काय झालं, तुम्हीच सांगा."

"वांग्याले औषध मारून राहिलो होतो. वारं उलटं फिरलं, सारं तोंडावर आलं... मंग ओकाऱ्या."

"मग 'उन्हात होतो' असं काहून म्हटलं?"

"त्या डाक्टरनं इचारलं, उन्हात होते ना? नाही कसं म्हणू बाई?"

सरांचं हसू विरलं. बर्फ बाजूला झाला, विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. म्हातारा वाचला. निबंध टोपलीत गेला. पुढच्या तुकडीसाठी सर वरिष्ठांशी भांडले : "मला वेगवेगळ्या घरांतली पोरं द्या. कोणाला गोंडी यावी, कोणाला हिंदी, कोणी शेतात राबलेला असावा. एकाच तऱ्हेच्या घरांतली पोरं एकच प्रश्न विचारतात." तशी पोरं आली, उत्तरंही बदलली. एक बाई म्हणाली, कांदा होता, पण भूक लागली म्हणून खाल्ला. कांद्याचा निकाल मात्र सरांच्या हयातीत लागला नाही.

त्या रविवारी सरांचा पांढरा कोट झटकला, तर खिशातून कांदा पडला. हिरवा कोंब फुटलेला.

मी चमकून विचारलं, "म्हणजे सरांचा कांद्यावर विश्वास होता, वहिनी?"

"होता हो," वहिनी म्हणाल्या.

सुजाता माझ्याकडे बघत राहिली. सरांसारखीच, भुवई उडवून.

माझ्या यादीत शर्ट, स्वेटर, कोट, सगळ्यांपुढे खुणा झाल्या आहेत. कांदा वहिनींच्या खिडकीत आहे. एकदा स्टूल ओढून बसायचं आहे आणि वहिनींना नीट विचारायचं आहे...