सामन्याच्या दिवशीचं पाणी

ईरा पेनाचं टोपण काढत होती, परत लावत होती. पोळ्या लाटताना माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. तिच्यासमोर ब्रिटिश नागरिकत्व सोडायचा अर्ज होता. माझी ही भाची, दादाची मुलगी, तिकडेच जन्मली, फुटबॉलही तिकडेच शिकली. भारताच्या संघातून खेळायचं तर नागरिकत्व भारताचंच लागतं, आणि आपल्याकडे दोन देशांचं चालत नाही. तिकडचं सोडल्यावर इथं निवड होईलच, असंही कुणी सांगितलेलं नाही.

"कर की सही," दादा म्हणाला. "कागद तर आहे."

त्याने स्वतः तिकडचं नागरिकत्व असंच एका सहीत घेतलं होतं. पण आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि माणूस आधी पेठेतल्या तालमीचा असतो. दादाने तालमीची जर्सी परदेशातही जपली. माझं सासर दुसऱ्या तालमीचं, म्हणून दोन्ही संघांचा सामना असेल त्या दिवशी तो माझ्या घरी पाणीही पीत नाही. आजही सकाळपासून तसाच बसला होता.

"बाबा, तुम्ही तालीम बदलली असती?" ईराने विचारलं.

तव्यावर पोळी करपत होती. माणूस नक्की कुठल्या मातीचा, हे त्या अर्जात विचारतच नसावेत.

टोपणाचा आवाज थांबला होता. पेन उघडंच होतं.

"अगं," दादा मला म्हणाला, "जरा पाणी दे."