तळघरातली निळी गाडी

आमच्या इमारतीच्या तळघरात अकरा गाड्या आवरणाखाली झाकून ठेवलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या किल्ल्या चौथ्या मजल्यावरच्या अबिलिओंकडे असत. गाड्यांचे मालक देश सोडून गेले होते. कोणी लिमाला, कोणी सान्तियागोला, कोणी माद्रिदला. जाताना प्रत्येकाने त्यांच्या हातात किल्ली ठेवली होती आणि जवळजवळ सारखंच सांगितलं होतं, "पोर्तू, दोनेक वर्षांत येतोच. तोवर दर रविवारी एकदा चालू करत जा."

अबिलिओ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे. व्हेनेझुएलातल्या आमच्या या लोस तेकेस गावात कुठलाही पोर्तुगीज माणूस हा पोर्तूच, मग त्याची उभी हयात इथे का गेलेली असेना. कोपऱ्यावरची बेकरी त्यांची होती. त्यांच्यासारखे गुळाचे गोड पाव, गोल्फेआदो, या डोंगरावर दुसरं कोणी करत नव्हतं, असं मी म्हणते आणि माझे यजमान रिगोबेर्तोही म्हणत. पीठ मिळेनासं झालं तशी बेकरी बंद पडली. मग त्यांची बायको लुर्देस वारली. मूलबाळ नव्हतं. उरल्या त्या या किल्ल्या.

रिगोबेर्तो वारल्यापासून रविवारच्या प्रार्थनेनंतर मीही त्यांच्याबरोबर तळघरात उतरू लागले. गाडी नुसती चालू करून भागत नाही, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवावं लागतं. तेवढा वेळ मी शेजारच्या सीटवर बसून जपमाळ ओढायची. एका गाडीला दहा मणी. ही मोजणी अबिलिओंनी मनापासून मान्य केली होती.

"डोन्या ओतिलिया, या गाडीला थोडं जास्त लागेल. इंजिन जुनं आहे."

"मग हिच्यासाठी आणखी एक 'नमो मारिया' म्हणते."

मणी संपले की ते गाडी खांबाभोवती एक चक्कर फिरवत आणि उजवा हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकून, मान वळवून, एका झोकात रिव्हर्समध्ये तिच्या जागी नेऊन लावत. दोन खांबांमध्ये वीतभरसुद्धा जास्तीची जागा नव्हती. कधी खरचटल्याचं मला आठवत नाही.

बारावी गाडी त्यांची स्वतःची. भिंतीकडेची, निळी, लांबलचक शेवरले कॅप्रिस. बेकरीचे दिवस भरात होते तेव्हा नवी कोरी घेतलेली. तिचं आवरण ते दर रविवारी काढत, फडक्याने तिला पुसत आणि पुन्हा झाकून ठेवत. मात्र चालू करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "हिचं नंतर."

त्या वर्षी त्यांचा गुडघा फारच दुखायला लागला आणि मदेराहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, फिलोमेनाचा, फोन आला. तीही विधवा, एकटी. म्हणाली, आता पुरे, घरी ये. अबिलिओंनी घर मिळेल त्या भावात विकलं. आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं, की ते एकटे जाणार नाहीत, कॅप्रिस बरोबर नेणार आहेत. जहाजातून.

"गाडी?" मी म्हटलं. "समुद्रापार?"

"लोक नेतात, डोन्या. कायमचा परत जाणाऱ्याला करही माफ आहे. चौकशी केलीय मी."

गॅरेजवाला विल्मर तिथेच उभा होता. त्याला हसू आवरेना. "पोर्तू, ही जहाजात नाही मावायची. जहाजच हिच्यात ठेवावं लागेल!"

"तू हस. तुझ्या मोटरसायकलला तर माझ्या डिकीत नेईन."

जहाजावर माल पाठवणाऱ्या कंपनीच्या बाईने सांगितलेला आकडा ऐकून मात्र कोणी हसलं नाही. बेकरीचा ओव्हन आणि घर विकून जे आलं होतं त्यातलं जवळजवळ सगळं त्यात जाणार होतं. रविवारी लिमाला गेलेल्या लोसादांच्या गाडीत बसलो होतो, मागच्या सीटवर त्यांच्या मुलीचा मोजा अजून तसाच पडलेला होता. मला राहवलं नाही.

"सेन्योर अबिलिओ, त्या पैशांत तिथे म्हातारपण निघेल तुमचं. लोखंड कशाला नेताय?"

त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या गावात झेफेरिनो म्हणून एक माणूस होता. व्हेनेझुएलात कमावून परत आला तो गाडी घेऊनच. माझ्या कॅप्रिससारखीच लांब, सायीच्या रंगाची. चर्चसमोर लावली. सगळं गाव बघायला. त्याने मला ती धुवायला लावली, चारही बाजूंनी. मी म्हटलं, आत बसू? तर म्हणाला, पायाला माती आहे तुझ्या."

"मग?"

"मग काय? पुढच्याच वर्षी जहाजात बसलो. आईला सांगितलं, परत येईन तो तशीच गाडी घेऊन, आणि त्याच जागी लावीन. डोन्या, पैसे गेले, बेकरी गेली, लुर्देस गेली. आता हात हलवत जाऊ? इतकी वर्षं काय केलं विचारलं कोणी, तर काय दाखवू?"

दहा मणी केव्हाच संपले होते.

गाडी पाठवायची तर आधी पोलिसांकडून इंजिनचा नंबर तपासून घ्यावा लागतो. त्यासाठी कॅप्रिस बाहेर काढायची ठरली. अबिलिओंनी सदरा इस्त्री केला होता. सेल्फ मारला. गाडी खोकली. पुन्हा मारला. पुन्हा खोकली, मग तेवढंही नाही.

विल्मर खाली वाकला, टाकी ठोकून पाहिली, झाकण काढून हुंगलं. "पोर्तू, हिच्यात पेट्रोलच नाही. नुसता गंज आहे. कधीपासून कोरडी आहे ही?"

अबिलिओ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर भिंतीकडे बघत राहिले. पेट्रोलचा दुष्काळ चालू होता. रांगेत रात्र काढूनही मिळेलच असं नव्हतं. मला मग ते निळं डबडं आठवलं, ज्यातून ते दर रविवारी या ना त्या गाडीत थोडं थोडं ओतत. मला वाटायचं, ते रांगेत उभे राहून आणतात. त्या गुडघ्याने ते कसले उभे राहणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिच्यातलं काढून त्यांच्यात घालत होतात?" माझा आवाज जरा चढलाच. "परक्यांच्या गाड्यांत?"

"टाकी मोठी आहे हिची. पुरलं बरेच दिवस."

"अहो, पण स्वतःची गाडी मारून?"

"त्यांना मी शब्द दिला होता, डोन्या. हिला कोणी शब्द दिला होता? आणि हिला ठाऊक होतं, मी इथेच आहे."

विल्मरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "आठवडाभर द्या मला. टाकी उतरवतो, कार्ब्युरेटर उघडतो. मरायची नाही ही. आणि पोर्तू, न्यायची नसेल तर मला विका. लग्नाला, पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाला भाड्याने लावतो. रिबिनी बांधून."

"विकायची नाही!" अबिलिओ एवढे चढ्या आवाजात बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं.

तोपर्यंत त्यांच्या घरातलं सामान निघून गेलं होतं. जेवायला ते माझ्याकडेच येत. जहाजाचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी फिलोमेनाचा फोन आला तो माझ्या स्वयंपाकघरात. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर मध्ये ठेवला, म्हणजे दोघांचे हात कॉफीच्या कपांवर राहतील. बेकरीच्या काउंटरसमोर इतकी वर्षं उभी राहिल्यावर मला त्यांची पोर्तुगीज भाषा कळते.

"गाडी लावणार कुठे आहेस पण?" फिलोमेना विचारत होती. "घराला अजून पायऱ्याच आहेत. रस्ता नाही आलेला."

"घराला कशाला? चर्चसमोर."

"चर्चसमोर?"

"झेफेरिनोची होती तिथे."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन तुटला.

"मेना?"

"अबिलिओ, तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अरे, ती गाडी तिथून कधी हललीच नाही. रस्ता चर्चपाशी संपायचा. वळवायला जागा नव्हती. वर आली ती आली, खाली जायचं तर सगळा उतार उलटं जायला हवं. आणि झेफेरिनोला फक्त पुढे चालवता यायची. मागे घ्यायला तो शिकलाच नव्हता. एकदा प्रयत्न केला तर हौदाच्या भिंतीवर घातली. मग राहिली तिथेच. टायर बसले. कोंबड्या आत शिरून अंडी घालायला लागल्या."

अबिलिओ कपाकडे बघत होते. "तू तर मला लिहायचीस, झेफेरिनोची गाडी चमकते म्हणून. मी दर पत्रात विचारायचो. दर पत्रात तू लिहायचीस."

"आई सांगायची तसं मी लिहायचे." फिलोमेनाचा आवाज बारीक झाला. "आई म्हणायची, खरं लिहू नकोस गं. पोरगं तिकडे भट्टीसमोर उभं आहे ते त्या गाडीच्या आशेवर. आशा काढून घेऊ नकोस त्याची. मग आई गेली, आणि मग कसं सांगायचं ते मला कळलं नाही."

स्टोव्हवर शेंगांची उसळ रटरटत होती. मी उठून ज्योत कमी केली, तेवढंच करण्यासारखं होतं.

अबिलिओ म्हणाले, "अंडी कशी असायची?"

"काय?"

"गाडीतली अंडी. कशी असायची?"

"चांगली असायची." ती एकदम हसली आणि रडलीही. "मोठी. आम्ही चोरून आणायचो. ऊब असायची ना आत."

अबिलिओंनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तरी मला वाटलंच, तो कुठे जाताना कधी दिसायचा नाही," ते म्हणाले आणि इतके हसले, की शेवटी डोळे पुसायला मला फडकं द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते पैसे भरायला गेले नाहीत. तळघरात जाऊन कॅप्रिसमध्ये बसून राहिले होते. मी खाली गेले तर म्हणाले, "बसा, डोन्या." त्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. सवयीने जपमाळ काढली.

"आज नको," ते म्हणाले. "आज हिला नुसतं बसू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "नेत नाही मी हिला. विल्मरला देतो. रिबिनी बांधू दे."

"आणि काय दाखवू म्हणत होतात, त्याचं काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं कदाचित, पण ते मनात ठेवून ते विमानात बसले असते तर मला बरं वाटलं नसतं.

"मेना पायऱ्यांखाली घ्यायला येणार आहे. तिला बॅग उचलायची आहे माझी, बाकी काही नको तिला." मग त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "फक्त एक आहे. मी या डोंगरावर आलो तो पिठाच्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून. खाली मी टॅक्सीने जाणार नाही. माझ्या गाडीतून जाणार, मी चालवत."

विल्मरने गाडी चालती केली. टाकी धुतली, दोन नळ्या बदलल्या. पण पेट्रोल? विमानतळ खाली समुद्राकाठी, परतीचा चढ, आणि कॅप्रिस म्हणजे पेट्रोल पिणारं जनावर. तेव्हा मी माझा फोन घेतला आणि अकरा घरांना निरोप पाठवला. पोर्तू जात आहेत, तुमच्या गाडीत त्यांच्या टाकीतलं पेट्रोल आहे, त्यातलं थोडं परत हवं आहे. एवढंच लिहिलं.

उत्तरं लगेच आली. माद्रिदहून: "थोडं का? सगळं काढा!" सान्तियागोहून: "पोर्तूंना सांगा, आमची गाडीच घेऊन जा म्हणावं." लिमाहून लोसादांच्या बायकोने आपल्या आवाजात निरोप पाठवला होता, पण रडण्यामुळे तिला बोलताच येत नव्हतं. शेवटी एवढंच कळलं, की तो मोजा काढून ठेवा.

विल्मरने नळीने अकरा टाक्यांतून थोडं थोडं ओढलं. दर वेळी थुंकायचा आणि म्हणायचा, "हे लोसादांचं, जरा गोड आहे!" अबिलिओ प्रत्येक गाडीत काही लिटर राहू द्यायला लावत होते. "रविवारला लागेल," म्हणत होते. रविवारी आता मी आणि विल्मर उतरणार होतो.

जायच्या दिवशी डोंगरावर धुकं होतं. अबिलिओ पुढे, मी त्यांच्या शेजारी, विल्मर मागे बॅगेला मिठी मारून. चौकीदार फाटकाशी सलाम ठोकून उभा होता. बेकरीच्या बंद दारासमोर त्यांनी वेग कमी केला, थांबले नाहीत. राजधानी ओलांडली, बोगदे गेले, आणि खाली समुद्र दिसला तसं त्यांनी काच खाली केली.

"इथेच उतरलो होतो," बंदराकडे हनुवटी करून ते म्हणाले. "हातात पुठ्ठ्याची पेटी. ट्रकवाल्याने विचारलं, पोर्तू, भट्टीचं काम येतं? मी म्हटलं, येतं. खोटं होतं."

"मग कोणी शिकवलं?"

"भाजल्यावर आपोआप येतं, डोन्या."

विमानतळासमोरच्या जागेत गर्दी होती. दोन ट्रकच्या मध्ये एकच जागा होती. मला तर ती कॅप्रिसला अगदीच अरुंद वाटली. विल्मर मागून म्हणाला, "पोर्तू, पुढे जाऊ, पुढे मोकळी असेल."

अबिलिओंनी गाडी जागेच्या पुढे नेली. उजवा हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली, आणि ती एवढी लांब गाडी एका झोकात, कुठेही न अडखळता, उलटी आत नेऊन सरळ लावली. इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना दार उघडण्यापुरती जागा शिल्लक होती.

"झेफेरिनोला नसतं जमलं," ते म्हणाले.

किल्ली त्यांनी विल्मरच्या हातात दिली. मला मिठी मारली, दोन्ही गालांवर ओठ टेकवले, आणि बॅग घेऊन गुडघा सांभाळत आत गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. विल्मरने टोपीने डोळे पुसले आणि मग टोपीचं काहीतरी निमित्त काढून दुसरीकडे बघितलं.

घरी परतताना त्याला फारसं काही करावं लागलं नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. किल्ली फिरवली आणि ती सरळ पुढे निघाली.